वाचकांचे प्रश्न : तेरीज जुळत नाही तेव्हा

पावसाळा तोंडावर आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. लाईट गेली, मशीन बंद पडलं आणि आता डेटाबेस कुरकुरतोय, अशी पत्रं जास्त येतात. त्यातली चार या अंकात घेतली आहेत.

प्रश्न : आमच्या तंबाखू वखारीचा हिशेब एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेसवर आहे. वळवाच्या पावसात दोनदा लाईट गेली आणि यूपीएसची बॅटरी बसलेली होती. आता एका ठरावीक शेतकऱ्याचा खातेउतारा काढला की ८२४ नंबरचा एरर येतो, बाकीच्यांचे उतारे बिनचूक निघतात. ओळखीच्या एकानं 'रिपेअर_अलाऊ_डेटा_लॉस' चालवा, पाच मिनिटांत मिटेल, असं सांगितलंय. चालवू का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : आत्ता नको. त्या कमांडच्या नावातच ती काय करते ते लिहिलं आहे : डेटा गेला तरी चालेल, पण दुरुस्त कर.

८२४ चा अर्थ असा, की डिस्कनं पान (डेटाबेसच्या फाइलचा एक ठरावीक तुकडा) वाचून दिलं, पण सर्व्हरनं तपासलं तेव्हा चेकसम (पानावरच्या मजकुरावरून काढलेला पडताळ्याचा आकडा) जुळला नाही, पान अर्धवट लिहिलेलं निघालं किंवा भलत्याच पानाचा नंबर सापडला. ८२३ आला असता तर वाचनच फसलं असं समजायचं. तिसरा भाऊ ८२५. यात पहिलं वाचन फसतं आणि पुन्हा प्रयत्न केल्यावर जमतं. तो फक्त लॉगमध्ये माहिती म्हणून पडतो, म्हणून कुणी बघत नाही. खरं तर डिस्क आजारी पडल्याची पहिली खबर तोच देतो. जुना एरर लॉग उघडून गेल्या काही महिन्यांत ८२५ दिसतो का ते पाहा. सर्व्हरच्या स्वतःच्या 'एमएसडीबी' डेटाबेसमधलं 'सस्पेक्ट_पेजेस' हे टेबलही पाहा, बिघडलेल्या पानांची नोंद तिथं होते.

एररच्या मजकुरात (१:२०७३६) असा आकडा असेल. म्हणजे फाइल १, पान २०७३६. एक पान ८१९२ बाइटचं असतं आणि त्यात त्या टेबलाच्या कित्येक ओळी बसतात. त्या शेतकऱ्याच्या ओळी नेमक्या या पानावर असल्यानं त्याचाच उतारा अडतोय. बाकीचे उतारे निघतात म्हणून बाकीची पानं धड आहेत असं मात्र नाही. जी पानं कुणी मागितलीच नाहीत, त्यांची तक्रार अजून आलेली नाही, एवढंच.

जुने बॅकअप आपोआप पुसणारं काही लावलं असेल तर आधी ते बंद करा. सर्व्हर उगाच रिस्टार्ट करू नका आणि डेटाबेस डिटॅच (सर्व्हरपासून वेगळा) तर मुळीच करू नका. बिघडलेला डेटाबेस डिटॅच झाला की पुन्हा अटॅच होईलच असं नाही. मग आहे त्या अवस्थेचा बॅकअप दुसऱ्या डिस्कवर घ्या, 'कॉपी_ओन्ली' आणि 'कंटिन्यू_आफ्टर_एरर' हे पर्याय देऊन. पुढं काही चुकलं तर इथवर तरी परत येता येईल.

आता सगळा डेटाबेस तपासणारी 'डीबीसीसी चेकडीबी' ही कमांड चालवा, 'विथ नो_इन्फोएमएसजीएस' लावून. निकाल सेव्ह करा आणि प्रत्येक एररमधला इंडेक्स आयडी बघा. पुढचं सगळं त्या एका आकड्यावर ठरतं. तो २ किंवा त्याहून मोठा असेल तर बिघाड नॉन-क्लस्टर्ड इंडेक्समध्ये, म्हणजे पटकन शोधण्यासाठी मूळ नोंदींवरून बनवलेल्या वेगळ्या यादीत आहे आणि मूळ नोंदी शाबूत आहेत. असा इंडेक्स आधी 'डिसेबल' करून मग 'रिबिल्ड' करा. थेट रिबिल्ड केलं तर सर्व्हर जुन्या, बिघडलेल्या इंडेक्सवरूनच नवा उभारायला बघू शकतो. तो इंडेक्स प्रायमरी की किंवा युनिक कीचा (एकच क्रमांक दोनदा येऊ न देणाऱ्या कॉलमचा) असेल तर त्यावर टेकलेल्या फॉरेन की, म्हणजे एका टेबलाची ओळ दुसऱ्यातल्या नोंदीशी बांधणारे नियमसुद्धा डिसेबल होतात. त्या हातानं पुन्हा चालू कराव्या लागतात, आणि हेच नेमकं राहून जातं.

आयडी ० किंवा १ असेल तर मूळ नोंदीच गेल्या आहेत. डेटाबेस फुल रिकव्हरी मॉडेलवर असेल (म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद, ट्रान्झॅक्शन लॉग, बॅकअप होईपर्यंत जपली जात असेल) आणि लॉग बॅकअपची साखळी तुटलेली नसेल, तर तेवढं एक पान बॅकअपमधून परत बसवता येतं. 'रिस्टोअर डेटाबेस' मध्ये 'पेज = १:२०७३६' द्यायचं, मग लॉग बॅकअप क्रमानं, शेवटी उरलेल्या लॉगचा बॅकअप घेऊन तोही चढवायचा. सिंपल मॉडेलवर ही सोय नाही. तिथं शेवटचा चांगला बॅकअप वेगळ्या नावानं रिस्टोअर करा, त्यावर चेकडीबी चालवा आणि हरवलेल्या ओळी तिथून उचला. त्या मागच्या हंगामाच्या असतील तर त्यानंतर बदललेल्याही नसतील. बॅकअप जुना असेल तर आणखी एक वाट आहे. धड असलेल्या नॉन-क्लस्टर्ड इंडेक्समध्ये खाते क्रमांक, तारीख असे काही कॉलम अजून असतात. इंडेक्सची हिंट देऊन फक्त तेवढेच कॉलम सिलेक्ट केले तर कोणत्या पावत्या गेल्या याची यादी हाती येते.

यातलं काहीच नसेल तरच 'रिपेअर_अलाऊ_डेटा_लॉस'. डेटाबेस 'सिंगल_यूझर' करा, 'बिगिन ट्रान्झॅक्शन' देऊन रिपेअर चालवा, किती ओळी गेल्या ते मोजा. नुकसान फार वाटलं तर रोलबॅक करून सगळं मागं घेता येतं. डेटाबेस एरवी उघडतच नाही तेव्हाच्या इमर्जन्सी मोडमध्ये मात्र ही मुभा नाही. रिपेअर बिघडलेलं पान सरळ काढून टाकतं, शेजारची पानं जोडतं आणि फॉरेन कीकडं ढुंकूनही बघत नाही. म्हणून नंतर फॉरेन की तपासणारी 'डीबीसीसी चेककन्स्ट्रेंट्स', पुन्हा चेकडीबी, आणि लगेच पूर्ण बॅकअप.

डेटाबेस एसक्यूएल सर्व्हर २००० च्या काळापासून चालत आला असेल तर पान कसं पडताळायचं हे ठरवणारं 'पेज_व्हेरिफाय' अजून जुन्याच पर्यायावर असू शकतं. ते 'चेकसम' करा. पण पानावर चेकसम पडतो तो पुढच्या वेळी पान लिहिलं जातं तेव्हा, म्हणून सगळे इंडेक्स एकदा रिबिल्ड करून घ्या. एक्स्प्रेसमध्ये ठरल्या वेळी कामं चालवणारा एजंट नसतो. विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून 'एसक्यूएलसीएमडी' नं आठवड्याला एक चेकडीबी लावा. आणि यूपीएसची बॅटरी बदला, नाहीतर हे सगळं पुन्हा करायचंय.

प्रश्न : आमच्या सौहार्द सहकारी पतसंस्थेची तेरीज (ट्रायल बॅलन्स) जुळत नाही. सभासदांच्या खात्यांवरच्या शिलकांची बेरीज एक, खतावणीतली दुसरी. मायएसक्यूएल आहे. 'चेक टेबल' चालवलं तर सगळीकडं ओके येतं. जुन्या सॉफ्टवेअरमधून डेटा आणल्यापासून हे चाललंय.
– एक वाचक, खानापूर

उत्तर : 'चेक टेबल' टेबलाची घडण तपासतं. व्यवहाराची नोंद ज्या खात्यावर आहे ते खातं अस्तित्वात आहे का, हे बघणं त्याचं काम नाही. तुमच्याकडं बेवारस नोंदी असणार.

त्या येतात कुठून? डेटा आत घेताना 'फॉरेन_की_चेक्स' शून्य करतात. मायएसक्यूएलडंपची फाइल तर ते स्वतःच करते. नंतर ते पुन्हा १ केलं तरी आत आलेल्या ओळी मागं जाऊन कुणी तपासत नाही. दुसरी शक्यता म्हणजे टेबलं मायआयसॅम या जुन्या इंजिनची (साठवणीच्या प्रकारची) आहेत. तिथं फॉरेन की लिहिली तरी सर्व्हर ती गुपचूप सोडून देतो. 'शो क्रिएट टेबल' मध्ये इंजिन काय आहे ते आधी बघा.

शोधायचं असं : व्यवहार टेबल डावीकडं, खाते टेबलाशी खाते क्रमांकावर 'लेफ्ट जॉइन', आणि 'व्हेअर' मध्ये खाते टेबलाचा क्रमांक 'इज नल'. 'नॉट इन' वापरून शोधू नका. आतल्या यादीत एक जरी नल (रिकामी जागा) असला तरी उत्तर शून्य ओळी येतं आणि सगळं आलबेल आहे असं वाटतं. ऑडिटच्या तोंडावर याच्याइतकी फसवी क्वेरी नाही.

सापडलेल्या ओळी डिलीट करू नका. हे लोकांचे पैसे आहेत. एका वेगळ्या टेबलात त्यांची नक्कल घ्या आणि व्हाऊचरशी एकेक ताडा. बहुतेक ठिकाणी कारण साधं असतं. एक्सेलमधून जाताना ००४१७ चं ४१७ झालेलं असतं, किंवा क्रमांकाच्या पुढंमागं स्पेस चिकटलेली असते. ज्यांचा धनी सापडतच नाही त्या नोंदी, संचालक मंडळाचा निर्णय होईपर्यंत, अनामत खात्यात ठेवा. मग टेबलं इनोडीबी (फॉरेन की पाळणारं इंजिन) करा आणि फॉरेन की लावा. बेवारस ओळ उरली असेल तर १४५२ एरर येईल, म्हणजे तपासणी आपोआपच होते. ३७८० आला तर दोन्हीकडच्या कॉलमचा प्रकार वेगळा आहे : एकीकडं इंट, दुसरीकडं अनसाइन्ड इंट (ऋण आकडे न घेणारा).

एवढं करून पैशापैशाचा फरक राहिला तर रकमेचा कॉलम 'फ्लोट' (दशांश आकडा जवळपास साठवणारा प्रकार) आहे का ते पाहा. फ्लोटमध्ये १,२३,४५६.७८ ही रक्कम १,२३,४५६.७८१२५ अशी साठते. ५,२४,२८८ च्या पुढं तर लगतच्या दोन आकड्यांतलं अंतरच सव्वासहा पैसे होतं, मधली रक्कम त्याला लिहिताच येत नाही. असा कॉलम पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरमध्ये असणं हा माझ्या मते सरळसरळ निष्काळजीपणा आहे. 'डेसिमल(१५,२)' करा, शिलका व्यवहारांवरून पुन्हा काढा, आणि राहिलेला फरक दुरुस्तीच्या नोंदीनं मिटवा. जुना व्यवहार खोडून नव्हे. कामाची वेळ संपल्यावर, ट्रान्झॅक्शन उघडून, ताडून मगच कमिट, म्हणजे बदल पक्का. 'ऑल्टर टेबल' मात्र त्या ट्रान्झॅक्शनमध्ये घालू नका, ते स्वतःच कमिट करून टाकतं.

प्रश्न : साडीच्या दुकानात गिऱ्हाईकांची नावं मराठीत आणि कानडीत टाकतो. काही नावं नुसती प्रश्नचिन्हं झाली आहेत. शिवाय एकाच माणसाची दोन-दोन खाती निघतात.
– एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : एसक्यूएल सर्व्हरवर कॉलम साध्या 'व्हारचार' प्रकारचा असेल, किंवा सगळ्या लिप्या साठवणारा 'एनव्हारचार' असूनही इन्सर्टमध्ये मजकुराच्या अवतरणचिन्हाआधी 'एन' लावलेला नसेल, तर देवनागरी आणि कन्नड दोन्हीची प्रश्नचिन्हं होतात. ती नुसती दिसायला प्रश्नचिन्हं नाहीत, साठलेलीच तशी आहेत. डेटाबेसमधून परत येणार नाहीत, बिलबुकावरून पुन्हा टाका.

दुहेरी खात्यांचं कारण बारीक आहे. 'कऱ्हाडकर' मधला ऱ् एक कीबोर्ड नुक्तावाल्या ऱ नं लिहितो, दुसरा साधा र, हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. पडद्यावर सारखंच दिसतं, आत कोड वेगळे. शोधलं तर सापडत नाही, मग काउंटरवरचा मुलगा नवीन खातं उघडतो. साठवण्याआधी एकच रूप करून घ्या आणि खातं नावावरून नव्हे तर मोबाइल नंबरावरून शोधा. गावाचंही तेच : बेळगाव, बेळगावी आणि कन्नड लिपीतलं, अशी तीन गावं होतात. गावांचं वेगळं टेबल करून क्रमांक द्या. खाती एकत्र करताना आधी बिलं चांगल्या खात्यावर वळवा, मगच दुसरं काढा.

प्रश्न : लाईट गेल्यापासून झॅम्पमधलं मायएसक्यूएल सुरूच होत नाही. 'आयबीडेटा१' फाइल डिलीट केली की सुरू होतं म्हणतात.
– एक वाचक, चिकोडी

उत्तर : सुरू झालं तरी तुमची इनोडीबी टेबलं उघडणार नाहीत, कारण त्यांची माहिती त्याच फाइलमध्ये असते. त्या फाइलला हात लावू नका.

एरर लॉग वाचा. ३३०६ पोर्ट दुसऱ्याच प्रोग्रामनं धरलेला असतो असंही पुष्कळदा निघतं, तसं असेल तर डेटाला काही झालेलं नाही. लॉगमध्ये इनोडीबीचं पान बिघडल्याचं असेल तर सर्व्हिस बंद ठेवून पूर्ण डेटा फोल्डर दुसरीकडं कॉपी करा. मग 'माय.आयएनआय' मध्ये 'मायएसक्यूएलडी' विभागात 'इनोडीबी_फोर्स_रिकव्हरी=१' लिहा. नाही उठला तर २, मग ३. इथपर्यंत जोखीम कमी आहे. ४ पासून पुढं डेटा कायमचा बिघडू शकतो, म्हणून तो प्रयोग नेहमी कॉपीवरच.

उठला की त्यावर काम सुरू करायचं नाही. मायएसक्यूएलडंपनं एकेक टेबल फाइलमध्ये (डंपमध्ये) बाहेर काढा. एखादं टेबल मध्येच तुटलं तर प्रायमरी कीच्या टप्प्यांनी वाचा, १ ते ५०००, ५००१ ते १००००, आणि जिथं सर्व्हर पडतो तो टप्पा लहान लहान करत नेमका भाग टाळा. इनोडीबीचं पान सहसा १६ केबीचं असतं, त्यामुळं हरवणाऱ्या ओळी थोड्याच असतात. नव्या, कोऱ्या इन्स्टॉलेशनमध्ये डंप चढवा. ती फोर्स_रिकव्हरीची ओळ तिथं नेऊ नका.