कौन्सिल मेंबरने दार लावून घेतलं आणि म्हणाला, हे आपल्यातच राहू दे

आधी वाचकांसाठी पत्र थोडक्यात सांगते. ही मुलगी कॅलिफोर्नियात लॉ स्कूलचं दुसरं वर्ष संपवून उन्हाळ्यात एका छोट्या शहराच्या सिटी ॲटर्नीच्या, म्हणजे शहराचं कायद्याचं काम बघणाऱ्या वकिलाच्या, ऑफिसात क्लार्क म्हणून काम करतेय. मागच्या आठवड्यात संध्याकाळी ऑफिस रिकामं झाल्यावर एक कौन्सिल मेंबर, म्हणजे निवडून आलेला नगरसेवक, आत आला, दार लावून घेतलं आणि म्हणाला, हे आपल्यातच राहू दे, माझी एक बिल्डिंग आहे, तिच्यापासून 400 फुटांवर नवीन प्रोजेक्ट येतोय, मला मत द्यायला काही हरकत नाही ना? ही गडबडली आणि "चालेल बहुतेक" म्हणून गेली. आता तिला झोप नाहीये. विचारतेय की ताई, ज्या कामात आपण नक्की कोणाचे वकील हेच कळत नाही त्या कामात मी पडावं का, की मोठ्या फर्मची ऑफर घ्यावी.

बाळा, तुला झोप येत नाहीये ना, ते मला चांगलं लक्षण वाटतं. खरंच. त्या प्रश्नात काहीतरी खटकलं हे तुला कळलं, आणि या कामाची सगळी मेख तिथेच आहे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर कागदावर सोपं आहे. तुमचा क्लायंट म्हणजे शहर. मेयर नाही, तो कौन्सिल मेंबर नाही, शहराचा रोजचा कारभार बघणारा सिटी मॅनेजरपण नाही. कॅलिफोर्नियाच्या प्रोफेशनल कंडक्टच्या नियमांमधला 1.13 हेच सांगतो, की संस्था क्लायंट असते आणि समोरच्या माणसाचं हित संस्थेच्या हिताच्या आड येतंय असं दिसलं की क्लायंट कोण आहे ते त्याला स्पष्ट सांगायचं. पण कागदावरचं सोपं दार बंद झाल्यावर अवघड होतं, कारण समोरचा माणूस रोज हसून बोलतो, तुझ्या बॉसचं कॉन्ट्रॅक्ट चालू ठेवायचं की नाही यावर त्याचं मत असतं, आणि त्याला मनापासून वाटत असतं की तू त्याचीच वकील आहेस.

माझं सांगते. मी 10 वर्षं याच कामात होते, पहिल्या दोन वर्षांतली गोष्ट. एक कौन्सिल मेंबर कॉफी घेऊन आला, टेबलाच्या कडेला टेकला आणि बोलत सुटला, की पार्कच्या मेंटेनन्सचं कॉन्ट्रॅक्ट निघतंय आणि त्याची बायको ज्या लँडस्केपिंग कंपनीत पार्टनर आहे तीच कंपनी बिड करतेय. मी त्याला मध्येच थांबवायला हवं होतं, थांबवलं नाही, वाटलं मोठा माणूस आहे, बोलू दे. सगळं ऐकून घेतलं आणि मग मला ते माझ्या बॉसला सांगावंच लागलं, तिथून पुढे गेलं आणि ते कॉन्ट्रॅक्ट शहराला त्या कंपनीशी करताच आलं नाही. नंतर तो मला कॉरिडॉरमध्ये भेटला, आवाज चढवला नाही, फक्त म्हणाला, "मला वाटलं तू माझी वकील आहेस." चूक माझी होती. त्याने तोंड उघडायच्या आधी दोन वाक्यं बोलायची होती: मी शहराची वकील आहे तुमची नाही, आणि तुम्ही जे सांगाल ते मी गुप्त ठेवीनच असं नाही. आपण जे प्रिव्हिलेज म्हणतो ना, म्हणजे वकिलाशी झालेलं बोलणं गुप्त ठेवायचा हक्क, तेसुद्धा शहराचं असतं, त्या माणसाचं वैयक्तिक नाही, आणि हे बऱ्याच निवडून आलेल्या लोकांना माहीतच नसतं.

आता त्या 400 फुटांबद्दल, कारण तिथे तू नुसतं शिष्टाचारात नाही चुकलीस, कायद्यातपण उत्तर चुकलंय. 1974 चा पोलिटिकल रिफॉर्म ॲक्ट आहे, त्याच्या नियमांत असं धरून चालतात की अधिकाऱ्याच्या मालकीची प्रॉपर्टी प्रोजेक्टच्या 500 फुटांच्या आत असेल तर तिच्यावर आर्थिक परिणाम होणारच, होणार नाही हे दाखवायचं तर पक्का पुरावा लागतो. म्हणजे त्याने बहुतेक मत द्यायचंच नाहीये, मीटिंगमध्ये आपला इंटरेस्ट जाहीर करायचा, चर्चेत भाग घ्यायचा नाही आणि खोलीच्या बाहेर जायचं. आणि कॉन्ट्रॅक्टचा विषय असला तर गव्हर्नमेंट कोडचं सेक्शन 1090 लागतं, ते जास्त कडक आहे, तिथे एका मेंबरचा आर्थिक संबंध असला तर तो बाहेर जाऊन बसला तरी अख्ख्या कौन्सिलला ते कॉन्ट्रॅक्ट करता येत नाही, थोडे अपवाद सोडले तर. जाणूनबुजून मोडलं तर फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा, आणि राज्यात कुठलंही सरकारी पद आयुष्यभरासाठी बंद.

"पण मला वकिलानेच सांगितलं होतं" हे इथे चालत नाही. लॉस एंजेलिस काउंटीमध्ये बेल गार्डन्स नावाचं शहर आहे, तिथल्या एका कौन्सिल मेंबर बाई त्याच शहराच्या सिटी मॅनेजर झाल्या, मेंबरला पद सोडल्यावर एक वर्ष थांबायला लावणारा स्थानिक नियम त्याआधी बदलला गेला होता, आणि 1090 खाली खटला झाला तेव्हा त्यांचं म्हणणं होतं की मी सिटी ॲटर्नीच्या सल्ल्यावर चालले. 2007 मध्ये कॅलिफोर्निया सुप्रीम कोर्टाने हा बचाव नाकारला. जो वकील तुमच्या मर्जीवर नोकरीत आहे त्याचा सल्ला चुकला असं सांगून तुम्ही सुटू शकत नाही, असा एकूण अर्थ. पीपल विरुद्ध चाकोन, नक्की वाच, मोठा निकाल नाहीये. आता विचार कर, तुझ्या त्या "चालेल बहुतेक"ने त्या माणसाला काहीच संरक्षण मिळालं नाही, उलट त्याला वाटत राहिलं की मिळालं.

संरक्षण खरं कुठे मिळतं ते पण सांगते. फेअर पोलिटिकल प्रॅक्टिसेस कमिशन म्हणून राज्याची संस्था आहे, तिच्याकडे लेखी सल्ला मागता येतो, सगळी माहिती खरी दिली आणि त्यांनी सांगितलं तसं वागलं तर त्यांच्या कारवाईपासून बचाव होतो. पण ते होऊन गेलेल्या गोष्टीवर सल्ला देत नाहीत, आणि उत्तराला साधारण 21 कामाचे दिवस धरायचे, त्यामुळे मीटिंगच्या आदल्या रात्री विचारून उपयोग नाही. तुझ्या त्या मेंबरकडे अजून वेळ असू शकतो, म्हणून हे मुद्दाम लिहितेय.

बरं आता करिअरचं. मोठी फर्म म्हणजे या प्रश्नातून सुटका असं समजू नकोस. राज्यात 480 हून जास्त शहरं आहेत, लॉस एंजेलिस, सॅन दिएगो, सॅन फ्रान्सिस्कोसारख्या ठिकाणी सिटी ॲटर्नी लोक निवडून देतात, पण छोटी शहरं बऱ्याचदा खाजगी फर्मलाच हे काम देतात, आणि तिथे वेगळाच गुंता असतो. फर्मचे दुसरे क्लायंट डेव्हलपर असतात. शिवाय ठरलेल्या फीच्या वर केस लढण्याचे तासावर पैसे मिळतात, म्हणजे शहराला "दावा लावा" असा सल्ला दिला की फर्मची कमाई वाढते, सल्ला प्रामाणिक असला तरी हे मनात असायला हवं आणि शहराला माहीत असायला हवं. तू इंटरव्ह्यूला जाशील तेव्हा हे विचार, बिनधास्त विचार, की नवीन क्लायंट घेताना कॉन्फ्लिक्ट चेक, म्हणजे त्याचं हित जुन्या क्लायंटच्या आड येतं का ही तपासणी, कोण करतं, मागच्या वेळी तुम्ही कोणतं काम नाकारलं आणि का. गप्प बसले किंवा विषय बदलला तर तेच तुझं उत्तर.

अजून एक प्रश्न विचार, की निर्णय घेताना आणि त्यावरच्या अपिलात एकच वकील दोन्हीकडे बसतो का. बेव्हर्ली हिल्सचं 2003 चं नाइटलाइफ पार्टनर्सचं प्रकरण बघ, शहराच्या ज्या वकिलाचा परमिट नाकारण्यात हात होता तोच त्या निर्णयावरच्या अपिलात सुनावणी अधिकाऱ्याला सल्ला द्यायला बसला आणि कोर्टाने ते अन्यायाचं ठरवलं. छोट्या ऑफिसात दोन-तीनच वकील असतात, तिथे ही दोन कामं वेगळी ठेवणारी भिंत घालणं सोपं नसतं, पण प्रयत्न करतात की नाही ते कळतं.

माझं मत विचारशील तर तू हे काम करावंस. पगार मोठ्या फर्मपेक्षा कमी मिळेल, लोनचा हिशोब घरी बसून नीट कर, त्यात मी पडत नाही. तिसऱ्या वर्षाला लोकल गव्हर्नमेंट लॉचा कोर्स असेल तर घे, आणि निवडून आलेल्या लोकांना दर दोन वर्षांनी दोन तासांचं जे एथिक्स ट्रेनिंग घ्यावं लागतं ते कमिशनच्या साइटवर फुकट आहे, ते कर, म्हणजे समोरच्याला काय शिकवलं जातं आणि त्यातलं काय त्याच्या डोक्यात राहत नसेल याचा अंदाज येईल.

पण हे सगळं नंतर. तू अजून वकील नाहीस, सल्ला देणं तुझ्या हातात नव्हतं आणि तो तुझ्याकडे आला हे तुझ्या सुपरवायझरला माहीत असायलाच हवं. उद्या सकाळी ऑफिस उघडलं की पहिल्यांदा तिच्याकडे जा, तो काय म्हणाला, तू काय म्हणालीस, "चालेल बहुतेक" हे शब्द जसेच्या तसे सांग, काही गाळू नकोस, आणि ती मीटिंग कोणत्या तारखेला आहे ते आज रात्रीच अजेंडामध्ये बघून ठेव.