७२ डीपीआय केलं, तरी साइट रखडतेच!

प्रश्न : गुहागरजवळ आमचं घरगुती होमस्टे आहे. साइटवर खोल्यांचे, वाडीचे, किनाऱ्याचे फोटो आहेत. मोबाइलवर पान उघडायला इतका वेळ लागतो की पाहुणे कंटाळून सरळ फोनच लावतात. भाचा म्हणाला, वेबसाठी ७२ डीपीआय करायचं असतं. केलं, पण ४ एमबीची फाइल ४ एमबीच राहिली. साइट बनवणारा सांगतो, फोटो कोडमध्ये लहान केलेत. मग अडतंय कुठे? आणि दरपत्रकाच्या फोटोतली अक्षरं मळकट का दिसतात?
— एक वाचक, जि. रत्नागिरी

उत्तर : ताई, आधी त्या ७२चा निकाल लावू. डीपीआय म्हणजे इंचाला किती ठिपके, आणि पडद्यावरच्या ठिपक्याला म्हणतात पिक्सेल. १९८४ साली आलेल्या पहिल्या मॅकिंटॉशच्या पडद्यावर इंचाला ७२ पिक्सेल होते. तेव्हापासून हा आकडा लोकांच्या डोक्यात बसलाय. मी मूळचा डीटीपीवाला. छापायचं काम आलं की डीपीआय आधी विचारतो, कारण कागद इंचात मोजतात. ब्राउझर त्या आकड्याकडे ढुंकूनही बघत नाही, त्याला कळतात फक्त पिक्सेल. मोबाइलचा फोटो ४००० बाय ३००० असेल, तर त्यावर ३०० लिहा नाहीतर ७२, आत १ कोटी २० लाख पिक्सेल आहेत तसेच राहणार.

भाचाही अगदीच हवेत बोलत नाहीये. फोटोशॉपमध्ये इमेज साइझच्या चौकटीत ‘रीसॅम्पल’वर (म्हणजे पिक्सेलच कमी-जास्त करण्यावर) टिक असेल, तर ३००चं ७२ करताना ४०००ची रुंदी ९६० होते. काम करतं रीसॅम्पल, नाव होतं ७२चं. तुमच्याकडे ती टिक नसणार.

साइटवाल्याचं उत्तर मात्र मला अजिबात पटलं नाही. कोडमध्ये रुंदी ८०० लिहिली की फोटो दिसतो लहान, पण पाहुण्याच्या मोबाइलवर उतरते अख्खी ४ एमबीची फाइल. वाटीभर सोलकढी मागणाऱ्यापुढे पातेलंच आणून ठेवायचं, तसलं हे. दहा फोटो म्हणजे ४० एमबी, आणि पाहुणा बिचारा घाटात कुठेतरी रेंज शोधतोय!

फाइलच लहान करायला हवी. पानावर फोटो ८०० पिक्सेल रुंद दिसत असेल, तर तो १६००चा करा. हल्लीचे पडदे दाट असतात, दुप्पट ठेवलं की फोटो रेखीव दिसतो. १६०० बाय १२०० म्हणजे मूळच्या साधारण सहाव्या हिश्शाएवढेच पिक्सेल. गिंप हे फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात ‘स्केल इमेज’ उघडा, रुंदी-उंचीशेजारची साखळी जोडलेली ठेवा (तुटली तर खोल्या चपट्या होतील), मग ‘एक्स्पोर्ट ॲज’मधून जेपेग (फोटोंच्या फाइलचा नेहमीचा प्रकार) करा, क्वालिटी ७५-८०. काही उतरवून घ्यायचं नसेल तर ब्राउझरमध्ये चालणारं स्क्वूश वापरा. मधली रेघ सरकवली की एका बाजूला मूळ फोटो, दुसऱ्या बाजूला दाबलेला (कॉम्प्रेस केलेला), आणि खाली फाइलचा नवा आकार. तिथेच वेबपी हा वेबसाठीचा फाइल-प्रकार निवडलंत तर फाइल बहुधा आणखी हलकी होईल. आजचे सगळे प्रमुख ब्राउझर ते उघडतात.

सगळ्या फोटोंना एकच क्वालिटी लावू नका. माडाच्या झावळ्यांत बारकावे खच्चून भरलेले असतात, त्यामुळे वाडीच्या फोटोची फाइल जड होणारच. पण तिथे थोडं जास्त दाबलं तरी डोळ्याला कळत नाही. समुद्रावरचं मोकळं आकाश सहज हलकं होतं, पण फार दाबलंत तर त्यातच आधी चौकोन आणि पट्टे उमटतात. म्हणून नजर आकाशावर ठेवा.

मूळ फोटो जपून ठेवा आणि दरवेळी त्यावरूनच नवी प्रत काढा. जेपेग पुन्हा पुन्हा बदलून सेव्ह केला की प्रत्येक वेळी थोडा खराब होतो. व्हॉट्सॲपवरून साधा पाठवलेला फोटो आधीच दाबलेला असतो, तो नको. साइटवाल्याला एवढंच सांगा : प्रत्येक फोटोची रुंदी-उंची कोडमध्ये राहू दे, म्हणजे पान उघडताना मजकूर खाली उड्या मारणार नाही; आणि खालच्या फोटोंना ‘लेझी लोडिंग’ लाव, म्हणजे पाहुणा तिथवर खाली आला की मगच ते उतरतील.

आता दरपत्रक. जेपेग चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे तुकडे करून त्यातले बारकावे गाळतो. पानाफुलांत ते खपून जातं. पांढऱ्यावर काळं अक्षर आलं की कडेने मळ दिसतो. कॉम्प्युटरवर बनवलेलं दरपत्रक असेल तर मूळ फाइलवरून पीएनजी काढा, त्या प्रकारात बारकावे गाळले जात नाहीत. माझं ऐकाल तर चित्र काढूनच टाका आणि दर पानावर टाइप करा. अक्षरं मोबाइलवर मोठी करता येतील, गुगललाही वाचता येतील आणि मे महिन्याचे दर बदलायला साइटवाल्याच्या मागे लागावं लागणार नाही.