पट्टा ठोके मोजतो, कॅलरी नाही

प्रश्न : माझं वय ४१, वजन ६२ किलो. आठवड्यातून चार दिवस ५५ मिनिटं वेट ट्रेनिंग करते. छातीला हार्ट रेट मॉनिटरचा पट्टा लावते. ठोके सरासरी १२८ येतात आणि शेवटी ४२० कॅलरी जळाल्याचं दिसतं. त्या दिवशी मी तेवढंच जास्त खाते. तीन महिने झाले, वजन तसूभरही हललं नाही. पट्टा बिघडलाय, की माझ्याच शरीरात काही दोष आहे?

उत्तर : दोन्ही नाही. ताई, आधी ती शरीरातल्या दोषाची शंका मनातून काढून टाका.

छातीचा पट्टा हृदयाचे विद्युत संकेत टिपतो, म्हणून ठोक्यांच्या बाबतीत तो मनगटावरच्या घड्याळापेक्षा भरवशाचा. (घड्याळ त्वचेवर हिरवा प्रकाश टाकून रक्ताची हालचाल बघतं. बार घट्ट धरला, मनगट वाकलं, की ते हमखास चुकतं.) तेव्हा तुमचे १२८ ठोके खरे आहेत. पण ४२० कॅलरी कुणी मोजलेल्या नाहीत, त्या ठोक्यांवरून काढलेल्या आहेत. आणि ते गणित बसवलंय चालण्या-धावण्यासाठी.

सलग चालताना, पळताना किंवा सायकल मारताना ठोके आणि शरीराने वापरलेला ऑक्सिजन जोडीनं वर चढतात. एक लिटर ऑक्सिजनमागे साधारण ५ कॅलरी खर्च होतात, त्यामुळे ठोक्यांवरून बराच जवळचा अंदाज बांधता येतो. केटेल आणि सहकाऱ्यांनी २००५ साली असं एक सूत्र दिलं, तेही ट्रेडमिल आणि सायकलवर लोकांना तपासूनच. तुमचं वय, वजन आणि १२८ ठोके मी त्यात घालून पाहिले. मिनिटाला ७.७ च्या आसपास, ५५ मिनिटांचे ४२१! तुमच्या पट्ट्याचा आकडा याच जातीच्या गणितातून आलेला आहे.

वजन उचलताना ही जोडी फुटते. मी शिकत असताना एकदा तोंडावर मास्क लावून, श्वासातला ऑक्सिजन मोजत स्क्वॉट्स केले होते. सेट (न थांबता केलेली एक फेरी) चालू असताना ठोके भराभर १५० च्या पुढे गेले, ऑक्सिजनचा आकडा मात्र मागे रेंगाळत राहिला. बार रॅकवर ठेवून मी धापा टाकत उभी राहिले तेव्हा कुठे तो वर चढला. तो पडदा मी आजही विसरलेले नाही. आवळलेला स्नायू स्वतःतल्याच रक्तवाहिन्या दाबून धरतो, आपण श्वास रोखतो, रक्तदाब उसळतो आणि हृदय जोरात धडधडतं. १९८५ मध्ये मॅकडूगल आणि सहकाऱ्यांनी बॉडीबिल्डर्सच्या धमनीत थेट नळी घालून रक्तदाब मोजला, तेव्हा दोन्ही पायांच्या लेग प्रेसमध्ये (पायांनी वजन ढकलण्याच्या व्यायामात) तो सरासरी ३२०/२५० पर्यंत गेला होता. म्हणजे ठोके वाढतात ते बऱ्याच अंशी या ताणापायी. पट्ट्याला हे कळायला मार्ग नाही. दोन सेटमधल्या विश्रांतीतही ठोके चढेच राहतात आणि तो त्या मिनिटांचाही तसाच हिशेब लावतो.

मग खरा खर्च किती? ६० किलोची डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणं) घ्या. बार अर्धा मीटर वर गेला, १० रेप्स झाल्या, म्हणजे दहा वेळा उचलला, तर पदार्थविज्ञानाच्या हिशेबानं काम होतं जेमतेम ०.७ कॅलरीचं. स्नायू वापरलेल्या ऊर्जेचा पाचवा ते चौथा हिस्साच कामाला लावतात, म्हणून ३ धरू. स्वतःचं शरीर उचलणं, बार सावकाश खाली आणणं, नंतरची धाप यांसाठी सढळ हातानं दुप्पट केले, तरी ६. असे वीस सेट म्हणजे १२०. दुसऱ्या बाजूनं बघू. अशा व्यायामाला साधारण ३.५ मेट धरतात, म्हणजे नुसतं बसून राहण्याच्या साडेतीन पट खर्च. तुमच्या वजनाला ५५ मिनिटांचे होतात २००, आणि त्यातल्या ५७ तर नुसत्या बसून राहिलात तरी जळाल्याच असत्या. उरल्या १४० च्या घरात. व्यायामानंतरही खर्च थोडा वाढलेला राहतो, पण एवढी दरी भरून काढण्याइतका नाही.

म्हणजे दर वेळी पावणेतीनशेच्या आसपास कॅलरी जास्तीच्या पोटात जातायत. आठवड्याला हजारावर. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात, तेव्हा तीन महिन्यांत दीड किलोहून अधिक घट इथेच अडली. व्यायामाच्या नावानं वेगळं खाणं थांबवा. रोज सकाळी एकाच वेळी वजन करा, सात दिवसांची सरासरी काढा आणि तीन-चार आठवडे ती सरासरी कुठे सरकते ते बघून मगच जेवणाचं प्रमाण ठरवा.

मला खरी काळजी वेगळीच वाटते. हा आकडा वाढवायच्या नादात विश्रांती कापणारी, वजनं हलकी करणारी माणसं मी फार पाहिली आहेत. ठोके वाढतात, ताकद तिथेच राहते. चाळिशीनंतर स्नायू आणि हाडं टिकवायला जड वजनच हवं, आणि जड सेटला दोन-तीन मिनिटांची पुरेशी विश्रांतीही हवी. तुम्ही ते नेमानं करताय, कृपा करून ४२० पायी मोडू नका.

पट्टा ठेवा. सेटनंतर ठोके किती वेळात खाली येतात ते बघायला तो छान आहे. तेच वजन, तेवढ्याच रेप्स आणि ठोके लवकर उतरायला लागले तर ती प्रगती. चालायला जाल तेव्हा त्याच्या कॅलरीही अंदाज म्हणून घ्या. मात्र रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गोळी चालू असेल तर ठोके मुळातच दबलेले असतात आणि हे सगळं गणित उलट्या बाजूनं चुकतं. तसं असेल तर मला पुन्हा लिहा, आणि सेटमध्ये श्वास रोखून धरण्याबद्दल आधी डॉक्टरांशी बोला.