सिनेमात पत्रकार राजकारण्यांनी पसरवलेल्या भीतीविरुद्ध उभे राहताना दाखवतात, तसं खरंच घडतं का?

घडतं. पण कॅमेऱ्यासमोर क्वचित. खरं भांडण रात्री साडेअकराला डेस्कवर होतं, मथळ्यावरून.

नागपुरात एका दैनिकात मी अकरा वर्षं उपसंपादक होते. एका नेत्याने सभेत ठोकून दिलं की बाहेरचे लोक वस्त्यांमधून मुलं उचलतायत. मी ठाणेदारांना फोन लावला. एकही तक्रार नव्हती. ते वाक्य मी बातमीत सगळ्यात वर घेतलं. वृत्तसंपादकांनी ते शेवटी ढकललं आणि मथळा केला, ‘मुले पळविणारी टोळी शहरात?’ मी भांडले तर म्हणाले, "प्रश्नचिन्ह आहे ना? आपण कुठे म्हणतोय?" पान सुटलं.

दुसऱ्या दिवशी कळमन्याकडच्या एका वस्तीत लोकांनी भंगारवाल्याला धरून मारलं. मी पोचले तोवर त्याला दवाखान्यात नेलं होतं. हातगाडी आडवी, तराजूचं एक पारडं नालीत. शेजारच्या पानठेल्यावर आमचाच अंक, ती बातमी वर येईल असा दुमडलेला.

म्हणूनच जॉर्ज क्लूनीचा ‘गुड नाइट, अँड गुड लक’ (२००५) मला खरा वाटतो. कम्युनिस्ट घुसलेत अशी भीती पसरवणारा अमेरिकन सिनेटर जोसेफ मॅकार्थी, त्याचं काम करायला त्यात नटच नाही, जुन्या चित्रफितीतला खरा मॅकार्थी आहे. सिनेमा ज्याच्यावर आहे त्या सीबीएस वाहिनीच्या पत्रकाराने, एडवर्ड मरोने, ९ मार्च १९५४ ला टीव्हीवर हेच केलं होतं: मॅकार्थीचीच भाषणं लावायची आणि दाव्याच्या पाठोपाठ खरं काय ते सांगायचं. पाठोपाठ, शेवटच्या परिच्छेदात नाही. सीबीएस कार्यक्रमाची जाहिरात करेना, तेव्हा मरो आणि त्याचा निर्माता फ्रेड फ्रेंडली यांनी वर्तमानपत्रातल्या जाहिरातीचे पैसे खिशातून भरले. हा भाग पत्रकारांवरच्या सिनेमांत सहसा येत नाही.

आता हेही खरं, की मॅकार्थीला एकट्या मरोने पाडलं नाही. इतरांनी आधीपासून लिहिलं होतं, मॅकार्थी आणि लष्कर यांच्यातल्या वादाच्या सिनेटमधल्या सुनावण्या लोकांनी टीव्हीवर पाहिल्या, आणि डिसेंबरात सिनेटने ६७ विरुद्ध २२ मतांनी त्याचा निषेध केला. आमच्या मथळ्यामुळेच त्या माणसाला मार बसला, हेही मी सिद्ध करू शकत नाही.

तुम्ही या धंद्यात येणार असाल तर मथळ्यातल्या प्रश्नचिन्हामागे लपू नका. ठाण्यात फोन करा, आणि उत्तर मिळालं की तेच वर घ्या.

सर, तुम्ही हे वाचत असाल तर सांगते. ‘पोलिसांकडे एकही तक्रार नाही’ एवढंच घ्यायचं होतं. मथळा तीन कॉलमांचा होता, जागा होती.