सोनोग्राफीत १४ मिमी आलं, म्हणून घाबरलीस?

*ताई, मी ३६ वर्षांची. नाशिकला सिडकोत राहते, अंबडला कंपनीत नोकरी. एरवी पाळी नियमित, पण आता चार महिने आलीच नाही. टेस्ट दोनदा केली, दिवस गेलेले नाहीत. सोनोग्राफीत 'एंडोमेट्रियम १४ मिमी' आलंय. सासूबाई म्हणतात, रक्त आत साचून गाठ होईल. रोज तिळाचा काढा देतात. नेटवर बघितलं तर कॅन्सर. रिपोर्ट डॉक्टरांना दाखवायचा धीर होत नाही.*

अगं, चार महिन्यांचं रक्त आत साचून राहिलेलं नाही, हे आधी मनातून काढ. सोनोग्राफीत दिसलं ते गर्भाशयाचं अस्तर. इस्ट्रोजेन या हार्मोनमुळे ते वाढतं. अंडाशयातून बीज सुटलं की प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन तयार होतं, ते उतरलं की अस्तर सुटून पाळी येते. तुझं बीज बहुधा वेळेवर सुटत नसावं, त्यामुळे अस्तर वाढलं आणि तिथेच थांबलं.

१४ मिमी आकडा एकटा काही सांगत नाही. पाळी येत असलेल्या वयात ती संपल्यावर अस्तर जेमतेम ३-४ मिमी असतं, पुढची जवळ आली की १४-१६ पर्यंतही जातं. नेटवर दिसणारी ४ मिमीची मर्यादा पाळी कायमची गेल्यावर अंगावरून रक्त जाऊ लागलेल्या बायकांसाठी आहे.

पण म्हणून रिपोर्ट कपाटात ठेवू नकोस. नियमित पाळी तीन महिने चुकली तर दाखवायलाच हवं. अस्तरावर महिनोन्‌महिने नुसत्या इस्ट्रोजेनचा परिणाम होत राहिला तर त्याच्या पेशी बिघडू शकतात, आणि पुढे तुला वाटते ती भीती खरी ठरू शकते. आत्ता गेलीस तर ते टाळता येतं.

डॉक्टर बहुतेक प्रेग्नन्सी टेस्ट पुन्हा करतील, थायरॉइड, प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन), साखर तपासतील. पीसीओडी, म्हणजे बीज वेळेवर न सुटण्याचा अंडाशयाचा त्रास, आहे का बघतील. वजन एकदम वाढलं किंवा उतरलं, रात्रपाळी लागली, एखादं औषध सुरू झालं, तर न विचारताही सांग. मग पाच-दहा दिवस प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या मिळतील. त्या बंद केल्यावर साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत पाळी येते. अस्तर जाड असल्याने ती जास्त जाऊ शकते. सलग दोन तास तासाला एक पॅड भिजला तर थेट दवाखाना गाठ. पाळी आली तरी मूळ कारण शोधायचं राहतंच. अस्तराचा तुकडा तपासायला घ्यायचा म्हणाले तर हबकू नकोस, बऱ्याचदा ते ओपीडीतच होतं.

काढ्याने बीज सुटत नाही. सासूबाई मायेने देतात, तर चवीपुरता घे. पण मेडिकलमधून आपल्या मनाने गोळ्या घेऊ नकोस, पूजेसाठी पाळी पुढे ढकलायच्या तर मुळीच नाही.

पगारातून ईएसआय कापत असतील तर सातपूरचं ईएसआय रुग्णालय आहे, नाहीतर त्र्यंबक रोडचं सिव्हिल. शेवटच्या पाळीची तारीख कागदावर लिहून ने. सासूबाईंनाही सोबत ने, डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं तर त्यांचाही जीव भांड्यात पडेल.