बुजऱ्या कुत्रीला घरात रुळवताना
आणल्या आणल्या तिला शेजारपाजाऱ्यांना दाखवत बसू नका. दार दिसेल अशा कोपऱ्यात जुनं गोणपाट टाका, तिथंच राहू दे. वरून वाकून डोक्यावर हात फिरवणं तर नकोच. तिच्याकडे न बघता बाजूला तोंड करून जमिनीवर बसा, भाकरीचा तुकडा हळूच तिच्याकडे टाका. झोप नसताना जांभया देते, ओठ चाटते? मग ती घाबरलीय, आणखी लांब सरका. गुरगुरली तर ओरडू नका. गुरगुरणं दाबलं की पुढं न सांगताच चावते. बाहेर नेताना छातीचा पट्टा हवाच. आपल्या बेळगावात शिवजयंतीच्या चित्ररथांचा दणदणाट ऐकून बुजरं कुत्रं गळपट्ट्यातून मान काढून पळतं. त्या रात्री तिला आतल्या खोलीत ठेवा, बाहेरचा आवाज दबावा म्हणून पंखा लावा. आंघोळीची घाई नको, रेबीजच्या लसीची मात्र करा.