निर्णय ‘बघू’वर अडतात
प्रश्न : माझा छोटा व्यवसाय आहे. दरवाढ असो की नवे यंत्र, सगळेच ‘बघू’ म्हणत महिनोन्‌महिने लोंबकळते. काय करावे?

उत्तर : आधी निर्णय मागे फिरवता येईल का, ते पाहा. दरवाढ फिरवता येते. फक्त नव्या ग्राहकांना वाढीव दर सांगा आणि महिनाभर ऑर्डरी मोजा; त्यावर खल नको.

यंत्राचे तसे नाही. मासिक हप्ता आणि देखभाल यांची बेरीज एका नगामागे सुटणाऱ्या पैशांनी भागा. महिन्याला किमान तेवढे जादा नग खपायला हवेत. गेल्या सहा महिन्यांत दरमहा तेवढे काम हाताबाहेरचे म्हणून नाकारावे लागले नसेल, तर यंत्र तूर्त नको. कोटेशन तीनच मागवा. चौथे म्हणजे बहुधा टाळाटाळच. निर्णयाचे कारण वहीत तारखेसह लिहा, नाहीतर पहिल्या अडचणीलाच सगळा काथ्याकूट नव्याने सुरू होतो.